वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

"बरी आहे, आता झोप लागते," एवढंच मी फोनवर सांगितलं. बाकीचं फोनवर जमणारं नव्हतं. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

मी इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "जा, दहा दिवस डोक्याला शांतता मिळेल." मलाही तेच हवं होतं. तिथे पहाटे चारला घंटा होते. दिवसाचे दहा-साडेदहा तास बसायचं. आर्य मौन, म्हणजे शेजारच्या बाईशी खाणाखुणासुद्धा करायच्या नाहीत. मोबाइल, वही, पेन पहिल्याच दिवशी जमा केलं. संध्याकाळी पाचला चहा, फळ आणि चुरमुरे, त्यानंतर जेवण नाही. ते चुरमुरे चावताना मला आपलं भडंग आठवायचं. बाहेर घाटातला पाऊस एकसारखा कोसळत होता.

पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, म्हणजे अंगावर जे जे जाणवतं ते नुसतं बघायचं, आणि मग अधिष्ठान सुरू होतं. दिवसातून तीनदा, तासभर, डोळे मिटून, हात-पाय न हलवता बसायचं. सहाव्या दिवशी दुपारच्या अधिष्ठानात माझा डावा खांदा पेटल्यासारखा झाला. हलायचं नाही म्हणून मी त्या दुखण्याकडे बघत राहिले, आणि मला आईचे हात दिसले. आमटी वाढणारे हात. नुसत्या काचेच्या हिरव्या बांगड्या, त्यांच्यामधल्या पाटल्या नव्हत्या.

साल १९९८, माझं दहावीचं वर्ष. सांगलीच्या गावभागातलं घर का सोडलं, हे मला तुमच्याकडून नाही, वर्गातल्या मुलीकडून कळलं. बाबा चुलतभावाला जामीन राहिले, त्यानं हप्ते थांबवले आणि वसुली आपल्या दारात आली, हे तिच्या घरी माहीत होतं. मला तुम्ही सांगितलं होतं की पावसाळ्यात कृष्णेचं पाणी शिरतं म्हणून विश्रामबागेत जातोय. एकदा तिन्हीसांजेला मी विचारलं, "आई, पाटल्या कुठे गं?" तू म्हणालीस, "दिवेलागणीला वाईट बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते." त्यानंतर मी कधीच काही विचारलं नाही.

लिहिताना हात अडखळतोय, पण लिहिते. त्या तासात मला तुमचा राग आला, दोघांचाही. घर गेल्याचा नव्हे. आपल्यावर एवढं संकट कोसळलं आणि आपण चौघं ताटाला ताट लावून जेवत राहिलो, कुणी कुणापाशी रडलं नाही, त्याचा. इतकी वर्षं हा राग माझ्यात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं मी समजूतदार आहे.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली, हेही तुम्हाला आत्ताच कळतंय. मी दोन महिने पोराला सांगितलं नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडायची आणि वाचनालयात बसायची. त्याला ते सोसायटीतल्या मित्राकडून कळलं. तो एवढंच म्हणाला, "तू मला खोटं सांगितलंस." त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. मी त्याच्याशी तेच केलं होतं जे माझ्याशी झालं होतं, आणि तेही मायेपोटीच.

तिथल्या प्रवचनांत 'संस्कार' हा शब्द सारखा येतो. आपण तो चांगल्या वळणासाठी वापरतो. तिथे त्याचा अर्थ, मन ज्या ज्या गोष्टीवर 'हवं' किंवा 'नको' म्हणून उसळतं त्याचा उरलेला ठसा. काही ठसे पाण्यावरच्या रेघेसारखे असतात, काही वाळूवरच्या, काही दगडावर कोरलेल्या. माझी दगडावरची रेघ कोणती, हे मला त्या दुपारी कळलं. ती पुसायची खटपट करायची नाही, तिला गोंजारायचंही नाही. वर आली की बघायचं, आणि तीही बदलते हे अंगावर अनुभवायचं. ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजी स्वतः १९५५ साली ब्रह्मदेशात डोकेदुखीला उपाय म्हणून या साधनेकडे गेले होते, आणि त्यांच्या गुरूंनी, ऊ बा खिन यांनी, केवळ त्यासाठी शिकवायला आधी नकार दिला होता. मीही झोपेसाठीच गेले होते, म्हणून ते ऐकताना मान खाली गेली.

खांदा शेवटपर्यंत दुखला. पण आठव्या दिवशी त्या दुखण्यात राग नव्हता, नुसतं दुखणं होतं. आणि बाबा, तेव्हा तुम्ही दिसलात. रात्री पायरीवर कागद घेऊन बसलेले, मी पाणी प्यायला उठले की कागद पालथे घालणारे. त्या वर्षी तुम्ही बेचाळीस वर्षांचे होता. मी आज त्रेचाळीसची आहे. तुम्हाला तेव्हा किती भीती वाटली असेल, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडलाच नव्हता.

दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मंगल मैत्री शिकवतात, सगळ्यांचं भलं चिंतायचं. तुमच्यासाठी ते आतून आलं. काकांसाठी नाही आलं. त्याला वेळ लागेल, आणि न आलेलं आलं असं मी आता म्हणणार नाही. समुपदेशकाकडे जाणंही चालू ठेवलंय. दहा दिवसांत सगळं बरं होतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही तुम्हाला सांगत नाही.

येत्या शनिवारी मी पोराला घेऊन सांगलीला येतेय. बाबा, सकाळी आपण तिघं गावभागात जाऊ. आत नाही गेलं तरी चालेल, समोर उभे राहू. त्या पालथ्या घातलेल्या कागदांमध्ये काय होतं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय, नातवालाही ऐकू द्या. आई, पाटल्या मोडायला तू एकटी गेली होतीस की कुणी सोबत होतं? मी त्या दिवशी शाळेत होते का?

आणि आपण बसू ते तिन्हीसांजेलाच. देवापाशी दिवा लावून झाला की.

तुमची,
थोरली