जुनी पोस्टकार्डं वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. उघडच लिहिते आहे, कारण घरात अशी जुनी कार्डं पडून असलेल्या आणखी कुणाला तुमची रीत उपयोगी पडेल.

आम्ही सगळे चित्रं बघत बसलो होतो. तुम्ही पहिलंच कार्ड हातात घेऊन उलटं केलंत आणि पाठीवर मधोमध रेघ आहे का ते पाहिलंत. ब्रिटनमध्ये १९०२पासून आणि अमेरिकेत १९०७पासून पाठीच्या अर्ध्या भागावर मजकूर लिहायची मुभा मिळाली. त्याआधी मागे फक्त पत्ता. गल्लीच्या चित्राभोवतीच्या पांढऱ्या पट्टीत कोंबलेल्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांचं कारण तेव्हा कळलं. ख्यालीखुशाली लिहायला दुसरी जागाच नव्हती! मग भिंग दिलंत. चित्रात बारीक ठिपके दिसले तर ते छापलेलं, ठिपके नसून सलग छटा दिसल्या तर बहुधा खरा फोटो. आणि पोस्टाच्या शिक्क्यावरून कार्ड कधी टाकलं तेवढंच कळतं, फोटो त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो, हेही तुम्ही बजावलंत.

पण माझ्या लेखी तुमचं खरं काम पुढचं. कार्डांच्या मोठ्या प्रती काढून तुम्ही त्या आमच्या म्हाताऱ्या माणसांपुढे पसरल्यात आणि "हे काय आहे?" असं न विचारता "ही वाट पुढे कुठे जायची?" असं विचारलंत. एवढ्यावर सगळे बोलू लागले. त्यातल्या त्यात अलीकडच्या एका कार्डावर नुसतं 'गावातली विहीर' छापलं आहे. फोटो काढणाऱ्याला विहीर हवी होती. आजीनं मात्र कडेला घागर टेकवून उभी असलेली मुलगी पाहिली आणि म्हणाली, "ही तर आमची थोरली." त्या बहिणीचा दुसरा एकही फोटो आमच्याकडे नाही. काका, याची परतफेड कशी करायची ते मला खरंच सुचत नाही.

तुम्ही सांगितलंत तसं कार्डांवर काहीही लिहिलेलं नाही. प्रत्येकाची आठवण, सांगणाऱ्याच्या नावासह, वेगळ्या चिठ्ठीवर आहे. दोन्ही बाजू स्कॅन केल्या. पीव्हीसीची जुनी पाकिटं काढून टाकली, चिकटपट्टी कुठेही लावली नाही.

ओढ्याच्या कार्डाचं तेवढं राहिलं आहे. साकव वडाच्या अलीकडे होता असं आजी म्हणते, पलीकडे होता असं आत्या. तुमच्या सांगण्यावरून दोघींचंही लिहून ठेवलंय, पण दोघींनाही तुम्हाला आपलीच बाजू पटवायची आहे. कधी येताय ते कळवा.

तुमची ऋणी,
विहिरीपाशी उभ्या असलेल्या मुलीची नात