दीड किलोच्या बाळाचा हिशेब वेगळा

जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त आपल्या अंकातील ‘आईच्या दुधात भर कशाला?’ हा लेख (३ ऑगस्ट) वाचला. आईच्या दुधात वरून काही मिसळण्याची गरज नाही, हे त्यातले म्हणणे पूर्ण दिवसांच्या बाळापुरते निर्विवाद मान्य. मात्र बत्तिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षाही हलक्या बाळाला तोच नियम लावता येत नाही.

अशा बाळाला किलोमागे रोज साधारण साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने लागतात. मुदतपूर्व प्रसूत झालेल्या आईच्या दुधात ती सुरुवातीला थोडी जास्त असतात खरी, पण काही आठवड्यांत प्रमाण १०० मिलिलिटरला जेमतेम एक ग्रॅमवर येते. म्हणजे किलोमागे १८० मिलिलिटर दूध पाजूनही निम्मीच गरज भागते, आणि त्याहून फार जास्त दूध त्या इवल्या पोटाला झेपत नाही. हाडांसाठी लागणाऱ्या कॅल्शियम-फॉस्फरसचेही तेच. दुग्धपेढीचे, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूधही याला अपवाद नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सरसकट सर्व मुदतपूर्व बाळांसाठी नव्हे, तर नेमक्या याच गटासाठी पोषक पूड मिसळण्याचा विचार करावा, असे सुचवले.

कंपन्यांच्या जाहिरातबाजीवरचा लेखकाचा राग रास्तच आहे. पण ही पूड आईच्या दुधाला पर्याय नसून त्यातच मिसळायची असते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोजचे वजन पाहून. घरी डब्यातली दूधपावडर मनानेच आईच्या दुधात कालवणे हा अगदी वेगळा आणि धोक्याचा प्रकार; लेखात त्यावर एखादी ओळ हवी होती.

— नवजात शिशू कक्षातील एक परिचारिका, सोलापूर