एअर प्युरिफायरच्या खोक्यावर ओझोनचा आकडा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात कोर्टाजवळ मी पंचवीस वर्षे झेरॉक्सचे दुकान चालवले. जुन्या मशिनवर सकाळपासून कामाचा रेटा असला की दुपारपर्यंत दुकानात एक वास भरून राही. वीज कडाडून गेल्यावर हवेत येतो तसा, जरा उग्र, नाकाला झोंबणारा. मशिनमधल्या ‘कोरोना वायर’ नावाच्या बारीक तारेवर मोठा विद्युतदाब असे आणि त्यातून ओझोन हा फुप्फुसांना त्रास देणारा वायू तयार होई. सर्व्हिसिंगला येणारा मुलगा ओझोन फिल्टर बदलताना दरवेळी बजावायचा, ‘काका, दार लावून बसू नका.’ मशिनशेजारच्या फायलींना ताणून लावलेल्या रबरांना बघता बघता चिरा पडत आणि ती तुटत. मी नवी रबरे आणत राहिलो. तीच हवा आपणही दिवसभर घेतो आहोत, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

गेल्या थंडीत नातवाचा दमा उसळला म्हणून सूनबाईंनी ऑनलाइन एअर प्युरिफायर मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह ऑक्सिजन’ लिहिलेले, म्हणजे ओझोनचेच गोंडस नाव. रात्री खिडक्या लावून तो सुरू केला. मी पाण्याचा तांब्या ठेवायला खोलीत गेलो आणि दारातच थबकलो. माझ्या दुकानातला तोच वास! सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, किती फ्रेश वाटतंय ना?’ मी आधी बटण बंद केले, मग खिडक्या उघडल्या. खोके उलटसुलट करून पाहिले. वॉट होते, खोलीचे चौरस फूट होते, ओझोन किती बाहेर पडतो याचा आकडा कुठेच नव्हता.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. त्याने मॉडेलचा नंबर मागवून घेतला आणि अर्ध्या तासात कळवले की हे यंत्र तिथे विकता येणार नाही, सरकारी यादीत ते नाही. तिथे 2006 साली यासाठी खास कायदा झाला. त्याआधारे तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाने, म्हणजे हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने, 2007 मध्ये नियम मंजूर केले आणि 2010 पासून विक्रीवर बंधन आले. खोलीत वापरायच्या यंत्रातून निघणारा ओझोन 0.050 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दोन कोटी भागांत एका भागाच्या वर जाता कामा नये. प्रयोगशाळेतून चाचणी करून घ्यायची, प्रमाणपत्र मिळवायचे, खोक्यावर तसे छापायचे, मगच माल दुकानात. दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन मागवला तरी सुटका नाही. एसीच्या डक्टमध्ये बसवायची यंत्रे आधी यातून वगळलेली होती, 2020 पासून तीही आत आली. मंजूर मॉडेलांची यादी कोणालाही पाहता येते, म्हणून तर पुतण्याला अर्धा तास पुरला.

हवा शुद्ध करणारे प्रत्येक यंत्र वाईट, असे माझे म्हणणे नाही. पंखा आणि जाड हेपा फिल्टर, म्हणजे बारीक धूळ अडवणारी गाळणी, एवढेच असलेल्या यंत्रातून ओझोन निघत नाही. हवेतल्या कणांना विजेचा भार देणारे आयोनायझर, विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि काही प्रकारचे यूव्ही दिवे यांत तो कमीअधिक तयार होतो. काही यंत्रे तर मुद्दाम ओझोन सोडण्यासाठीच बनवलेली असतात. जंतू मरावेत इतका ओझोन खोलीत सोडायचा, तर तो माणसाला सोसवण्याच्या फार पलीकडे जातो. माणसाला सोसवेल इतकाच सोडला, तर हवा स्वच्छ होत नाही. शिवाय घरात लिंबाच्या वासाचे फरशी पुसायचे लिक्विड असतेच. त्यातल्या सुगंधी द्रव्यांशी ओझोनची प्रक्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. नाकाला त्या वासाची लवकर सवय होते, म्हणून थोड्या वेळाने काही जाणवतही नाही. दमा असलेल्या लेकराच्या उशाशी आपण हे ठेवतो, पैसे मोजून!

आपल्याकडे बाहेरच्या हवेतल्या ओझोनला मर्यादा आहे. 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर कॅलिफोर्नियाचा 0.050 पीपीएमचा आकडा जवळजवळ तेवढाच भरतो. रस्त्यावरच्या हवेसाठी मोजमाप आहे, तर बंद खोलीत सोडल्या जाणाऱ्या त्याच वायूचा आकडा गिऱ्हाइकाला का दिसू नये?

केंद्र सरकार आणि भारतीय मानक ब्युरो यांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. घरगुती एअर प्युरिफायरमधून निघणाऱ्या ओझोनचा मोजलेला आकडा खोक्यावर मराठीसह स्थानिक भाषेत ठळक छापणे सक्तीचे करावे. चाचणीत उतरलेल्या मॉडेलांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. ऑनलाइन विक्रीलाही हेच लागू असावे, कारण आमच्यासारख्यांकडे हा माल तिथूनच येतो.

विक्रेत्याने यंत्र परत घेतले नाही. रद्दीवाला दोनशे रुपये द्यायला तयार होता, पण तो ते दुरुस्त करून कुणाला तरी विकणार हे दिसत होते. मी त्याची वायर कापली आणि ते माळ्यावर टाकले.

आपला,
एक जुना वाचक, पुणे