बाटली फडताळात परत ठेवणाऱ्या काकांना

राजवाड्यामागच्या गल्लीतले मेडिकलवाले काका,
सादर नमस्कार.

यकृत आजारी असलेल्या मुलाच्या अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली, की आभार मानले जातात ते दुर्बीण घालून रबरी बँड बसवणाऱ्याचे. मानावेतच. पण ती फुटू नये म्हणून तुमच्या काउंटरवर जे चालतं, ते कुठल्याच फाइलमध्ये येत नाही.

तापाचं औषध मागायला आलेल्या आईला तुम्ही आधी विचारता, "पोराची तिल्ली वाढलीये का?" यकृताच्या आजारात तिल्ली वाढली, तर अन्ननलिकेतल्या शिराही फुगलेल्या असू शकतात. म्हणून हो म्हटलं, की आयब्युप्रोफेन मिसळलेली बाटली फडताळात परत. मेफेनॅमिक ॲसिडही नाही, ॲस्पिरिनही नाही. या औषधांनी पोटाच्या अस्तराला जखमा होतात आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत. त्या तर वाढलेल्या तिल्लीत अडकून आधीच कमी झालेल्या असतात. मग तुम्ही साधं पॅरासिटामॉल काढता आणि चिठ्ठीतलं माप बाटलीवर पेनाने लिहिता. १२ किलोच्या मुलाला १७५ मिलिग्रॅम म्हणजे ५ मिलीत २५० मिलिग्रॅमच्या बाटलीतून साडेतीन मिली, १२५ च्या बाटलीतून सात. घरी बाटली बदलते, माप तेच राहतं. गफलत तिथेच होते.

शिरांतला दाब कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलची १० मिलिग्रॅमची गोळी आणि ४० ची गोळी तुम्ही वेगवेगळ्या खणांत ठेवता. देताना दम्याचं विचारता. मूल उलट्या-जुलाबांनी खात नसेल तर गोळी देण्याआधी आम्हाला फोन करायला लावता, कारण उपाशीपोटी या गोळीने साखर घसरते.

आणि तुमचा फ्रिज! शीर फुटल्यावर रक्त थांबवायला ठिबकेतून देतात ते ऑक्ट्रिओटाइड २ ते ८ अंशांत लागतं. १२ किलोच्या मुलाला सुरुवातीला १२ मायक्रोग्रॅम, मग तासाला १२. पहिल्या दिवसाचे बरोबर ३००, म्हणजे १०० च्या तीन ॲम्प्यूल. डोस दुप्पट करावा लागला तर जवळजवळ सहा. ठिबक दोन ते पाच दिवस चालते, आणि मध्यरात्री शटर उघडून तुम्ही ती पुरवलीत. बाकी आमचं काम: अँटिबायोटिक, हिमोग्लोबिन ७-८ पर्यंतच रक्त (जास्त चढवलं तर शिरांतला दाब वाढून पुन्हा फुटते), चोवीस तासांच्या आत दुर्बीण. दहा किलोच्या आतल्या बाळाच्या गळ्यातून बँडचं यंत्र बहुधा जात नाही, तिथे त्या फुगलेल्या शिरेतच इंजेक्शन.

बँडनंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली पडते, तेव्हा पुन्हा रक्त येऊ शकतं. म्हणून आठवडाभर मऊ भात, दही, शिरा. पोह्यांवर शेव नाही, हे इंदुरी पोराला पटवणं आम्हाला अजून जमलेलं नाही. तुमच्या दटावण्याने बरंच जमतं.

डांबरासारखी चिकट काळी शी झाली म्हणून कुणी विचारायला आलं, तर लोहाचं टॉनिक चालू आहे का हे तुम्ही विचारता, कारण त्यानेही शी काळी होते; पण आत रक्तस्राव असू शकतो म्हणून उत्तराची वाट न बघता त्यांना आमच्याकडे धाडता. तसंच करत राहा. फोन कितीही वाजता चालेल.

आपले,
बाल यकृत विभागातले डॉक्टर आणि सिस्टर, इंदूर