पोटाची जाळी

सोलापूर,
१९ जानेवारी

प्रिय चिमे,

तुझं पत्र आलं तेव्हा गड्ड्याची यात्रा भरात होती. रात्री गर्दीतून घरी आले आणि पायांतल्या चपलाही न काढता ते वाचलं. तू विचारलंस, "सत्तेचाळिसाव्या वर्षी चार माणसांपुढे उघड्या पोटानं बेली डान्स करायला तुला धीर कुठून येतो? मी तर लग्नाच्या फोटोतसुद्धा मागच्या रांगेत सरकते." त्या एका वाक्यानं झोप उडवली बघ. कारण तो धीर माझाही गेला होता, आणि हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात थर्टी फर्स्टचा कार्यक्रम होता. बोलावणाऱ्या माणसाचा आदल्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, पोटावर जाळी लावून घ्या. नाहीतर एखादी विद्यार्थिनी पाठवा, पैसे तेवढेच देऊ." सतरा वर्षं मी हे काम करतेय, आणि बोलणं झालं ते पोटाबद्दल. मी भांडले नाही. नवी पेठेत गेले, अंगाच्या रंगाची जाळी घेतली, रात्री बसून कमरपट्ट्याखाली शिवली. आरशात सिझेरियनचा व्रण दिसेना, वळ्या दिसेनात. नाचायला लागले तर पोटाची लाट जाळीतच अडकली. तबल्याला ओलं फडकं गुंडाळून वाजवावं तसं झालं. टाळ्या पडल्या. परतीच्या गाडीत मी दौंडपर्यंत रडत होते.

इजिप्तमध्ये नर्तकीनं पोट झाकावं असा सरकारी नियमच आहे, गेल्या शतकाच्या मध्यापासूनचा. तिथल्या कितीतरी जणी जाळी लावूनच नाचल्या आणि मोठ्या झाल्या. तेव्हा दोष जाळीचा नाही. त्यांनी ती नियमाला लावली, मी शरमेला लावली, आणि शरमेची जाळी कापडापेक्षा घट्ट बसते.

आणि गंमत बघ, ज्या नाचासाठी मी पोटाची एवढी लाज धरली त्याच्या मूळ नावात पोट नाहीच. अरबीत त्याला रक्स शरकी म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. पोटाचं नाव पश्चिमेकडच्या लोकांनी चिकटवलं. १९२६ साली बदिया मसाबनी नावाच्या नर्तकीनं कैरोत क्लब काढला, तिथून हा नाच मोठ्या रंगमंचावर आला. इजिप्तची नर्तकी फिफी अब्दू १९५३ सालची. साठी उलटल्यावरही तिचे नाचाचे व्हिडिओ लोक आवडीनं बघतात. ती फार फिरत नाही, उड्या नाहीत. एका जागी उभी राहते, आणि कंबर बोलते.

शरीर बदललंय, हे मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. पाळी अनियमित झाल्यापासून मांड्यांवरची चरबी पोटावर येऊन बसली. मध्येच अंगातून वाफ निघते, दिव्यांखाली तर जीव नकोसा होतो. उभ्यानं मागं झुकत जमिनीवर पडायचं ते 'टर्किश ड्रॉप' मी सोडलं, गुडघे ऐकत नाहीत. पूर्वी दहा मिनिटांत अंग मोकळं व्हायचं, आता पंचवीस लागतात. शिमी, म्हणजे कंबरेची भरभर थरथर, अजून गुडघ्यांतूनच काढते, पण लहान काढते आणि जास्त वेळ धरते. काही दिवशी आरशापुढून तशीच निघून जाते. तो दिवस तसाच जातो.

धीर परत कसा आला, ते सांगते. माझ्या क्लासला पूर्व भागातल्या एक काकू येतात, वय अठ्ठावन्न, घरी तेलुगू बोलतात. उभा जन्म विड्या वळल्यात. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. पाठ गेलीय, म्हणून डॉक्टरांनी हालचाल करा म्हटलं आणि त्या माझ्याकडे आल्या. अंगठा आणि मधल्या बोटात घालायच्या झांजा शिकायला मला दोन वर्षं लागली. त्यांच्या बोटांनी दोन महिन्यांत ताल धरला. मी मकसूम हा अरबी ताल वाजवत होते, दुम-तक-तक, दुम-तक, तर म्हणाल्या, "हे तर आमच्या मागाचंच आवाज की." खरंच, त्यांच्या गल्लीत दिवसभर पॉवरलूम चालतात.

एकदा त्यांना पोटाची लाट शिकवताना मी माझं पोट ओढणीनं झाकलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अक्का, पोट हाय म्हणून तर हालतंय की वो. सपाट असतं तर काय हाललं असतं?"

मी ओढणी बाजूला ठेवली. चिमे, हे मला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. तिशीत माझी लाट नुसती रेघ होती. आता ती बरगडीखालून निघते, मांसातून सावकाश खाली उतरते, व्रणापाशी क्षणभर अडखळते आणि पुढं जाते. मागच्या रांगेतल्यालाही दिसते.

मला विठाबाई नारायणगावकर आठवतात, आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या. भरल्या पोटानं फडावर नाचल्या, मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, हे आपण शाळेत असल्यापासून कौतुकानं ऐकत आलो. पण त्यांचं म्हातारपण हलाखीत गेलं, ते कुणी तेवढ्या कौतुकानं सांगत नाही. मला त्याचीच भीती वाटते. म्हणून आता हॉटेलांच्या कामांवर मी विसंबत नाही. क्लासच्या तीन बॅच केल्यात, दर महिन्याला थोडे बाजूला टाकते.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला क्लासमध्येच नाचले, जाळीशिवाय. तीस-पस्तीस बायका होत्या, त्यात माझ्या सासूबाईसुद्धा. नाच संपल्यावर त्यांनी काही न बोलता माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पदरानं माझ्या पोटावरचा घाम पुसला.

तू फेब्रुवारीत ये. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धर, मी स्टेशनवर असेन. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ठेवते. नाण्यांचा जुना कमरपट्टा मी तुझ्यासाठी काढून ठेवलाय, त्याचे हूक सैल करून घेतलेत. आणि फोटो काढणारी मीच असेन, तेव्हा मागची रांग नसेल.

तुझीच,
सोलापूरची मैत्रीण