दत्ता, तुझी गोठ्याशेजारची खोली हवी आहे

विश्रामबाग, सांगली

प्रिय दत्ता,

आईच्या पायाचं विचारलं होतंस. आता काठीशिवाय अंगणात फिरते. तुझ्याकडं एक मागणं आहे, पण आधी ऐकून घे.

परवा मार्केट यार्डातला एक अडत्या कीबोर्ड घेऊन दुकानात आला. उलटा करून टेबलावर आपटला तर चिमूटभर हळद पडली. बटणं काढली, आतलं रबर पिवळंधमक. शून्य दाबलं की दाबलेलंच राहायचं. हळदीच्या हिशेबपट्टीत एक शून्य जादा पडलं तर काय होतं, हे तुला सांगायला नको. वर्षातला त्याचा हा तिसरा कीबोर्ड. मी साफ करून दिला, पण तो परत येणार हे दोघांनाही माहीत होतं.

तेव्हापासून डोक्यात माऊस-कीबोर्ड बनवणारी लॉजिटेक कंपनी घोळतेय. 1981 साली स्वित्झर्लंडमधल्या आप्ल नावाच्या खेड्यात, एका शेतघरात ती कंपनी सुरू झाली. दानिएल बोरेल, पिएरलुइजी झापाकोस्ता आणि जाकोमो मारिनी, असे तिघं. करायचं होतं सॉफ्टवेअर. कंपनीचं नावसुद्धा सॉफ्टवेअरच्या फ्रेंच शब्दावरून, 'लोजिसिएल'वरून घेतलेलं. पण हाताला लागला माऊस, आणि तो त्यांनी सोडला नाही. पहिला माऊस 1982 मध्ये आला. आधी दुसऱ्या कंपन्यांना माऊस पुरवले, मग 1985 च्या सुमारास स्वतःच्या नावानं दुकानात आणले. डिसेंबर 2008 मध्ये त्यांनी शंभर कोटीवा माऊस बनवल्याचं जाहीर केलं. शंभर कोटी, दत्ता! मी आयटीआय संपवून दुकानात बसलो तेव्हा माऊसच्या पोटातला गोळा काढून, दोन रोलरांवर गुंडाळलेला मळ नखानं खरवडायचो. तो गोळा फिरला की रोलर फिरतात, रोलरच्या टोकाच्या खाचांच्या चकत्या प्रकाश अडवतात आणि सोडतात, त्यावरून बाण हलतो. इतकी साधी गोष्ट, पण नीट करणारे थोडे.

खेड्यातून असा उद्योग उभा राहणं आपल्याकडंही नवं नाही. तुझ्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना उभा केला. त्याआधी त्यांचा लोखंडी नांगर लोक घेत नव्हते, लोखंडानं जमीन बिघडेल म्हणायचे.

मला फक्त आकड्यांचा कीपॅड करायचा आहे. वजनकाट्यावर असतात तशी बटणं, वरून अखंड प्लॅस्टिकचा पडदा, कुठंही फट नाही. ओल्या फडक्यानं पुसला की झालं. नमुना बनवलाय. हळदीच्या पोत्यात पुरून ठेवला, दुसऱ्या दिवशी काढून लावला तर सगळे आकडे बरोबर उमटले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कर्जाला गेलो तर साहेबांनी फाईल न उघडताच परत दिली. वाईट वाटलं, पण थांबायचं नाही. पहिले पन्नास नग आपण जोडू, अडत्यांकडं मी स्वतः देऊन येईन. म्हणून तुझी गोठ्याशेजारची कडब्याची खोली हवी आहे. भाडं घ्यायचंच, नाहीतर मी येणार नाही.

खोलीची लांबी-रुंदी आणि तिथं दिवसा लाईट किती तास असते ते कळव. रविवारी सकाळच्या एसटीनं येतो, नमुना बरोबर आणतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू