शिक्षा दंडाची नव्हे, बाकावरची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संघाचा अवमान करणाऱ्या नामांकित फुटबॉलपटूंना क्लबने कसा आवर घालावा, हा प्रश्न निघाला की चर्चा दंडाच्या रकमेपाशीच घुटमळते. आठवड्याला लाखो पौंड कमावणाऱ्या खेळाडूला पगारकपातीची झळ फारशी बसत नाही; त्याला झोंबते ते आपल्यावाचून संघ मैदानात उतरलेला पाहणे. बदली खेळाडू म्हणून उतरण्यास नकार देऊन ख्रिस्तियानो रोनाल्डो १९ ऑक्टोबर २०२२ रोजी टॉटनहॅमविरुद्धचा सामना संपण्यापूर्वीच निघून गेला, तेव्हा मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक एरिक टेन हाग यांनी त्याला चेल्सीविरुद्धच्या पुढच्याच लढतीतून वगळले, हे मला अगदी योग्य वाटले. शिक्षा कशासाठी झाली ते सर्वांना कळत होते आणि बाकावर मुकाट्याने आपल्या संधीची वाट पाहणाऱ्या तरुण खेळाडूंचाही त्यात मान राखला गेला.

याच प्रशिक्षकांच्या काळात जेडन सँचोचे प्रकरण मात्र चिघळले. संघातून वगळल्यावर त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षकांना समाजमाध्यमावर जाहीर उत्तर दिले, ही त्याची चूकच होती. परंतु चार महिने मुख्य संघापासून दूर ठेवून शेवटी त्याला जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबकडे तात्पुरते पाठवण्यात आले, यात शिस्तीपेक्षा ताठरपणा अधिक दिसला.

कार्लोस तेवेझच्या बाबतीत मँचेस्टर सिटीने निदान परतीची वाट उघडी ठेवली. सप्टेंबर २०११ मध्ये म्युनिकला त्याने मैदानात उतरण्यास नकार दिल्याचे सांगून प्रशिक्षक रॉबर्टो मान्चिनी यांनी रागाच्या भरात त्याचा विषय संपल्याचे जाहीर केले. तेवेझने आरोप नाकारला. क्लबला चार आठवड्यांचा पगार कापायचा होता. खेळाडूंच्या संघटनेने साथ न दिल्यामुळे तो दोन आठवड्यांवर आणावा लागला. पुढे तेवेझ परवानगीविना अर्जेंटिनाला निघून गेला. तरीही फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने माफी मागितल्यावर त्याला परत घेतले गेले आणि मे महिन्यात इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा विजेता ठरलेल्या संघात तो होता.

माझी अपेक्षा एवढीच आहे की, कोणत्या वर्तनासाठी किती सामने बाहेर बसावे लागेल हे प्रत्येक क्लबने हंगामाच्या आरंभीच लेखी ठरवावे, शिक्षेपूर्वी खेळाडूचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि एकदा मुदत ठरल्यावर ऐन मोक्याच्या सामन्यात त्याच खेळाडूची गरज भासली, तरी मालकांनी प्रशिक्षकांना डावलून ती कमी करू नये.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक